दगडावरची तिसरी ओळ

त्याने कागद टेबलावर पसरला आणि तिसऱ्या ओळीवर बोट असं दाबून धरलं की नख पांढरं पडलं.

"ही ओळ काढा."

ग्रंथपाल बाईंनी आधी बोटाकडे पाहिलं, मग चष्म्याच्या वरून त्याच्याकडे. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसल्या होत्या. हातातला ब्रश त्यांनी खळीच्या वाटीत ठेवला, बोटं फडक्याला पुसली आणि कागद स्वतःकडे ओढून सावकाश वाचला, जणू तो त्यांनी लिहिलेलाच नव्हता.

मजकूर चार ओळींचा होता. चौतीस वर्षांपूर्वी संध्याकाळच्या फेरीला निघालेली चार नंबरची लाँच बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटली. सतरा माणसं बुडाली. लाँच चालवणारा सारंग दारूच्या नशेत होता. त्या सतरा जणांच्या स्मरणार्थ हा दगड. स्मारक समितीत पाच जण होते, पण चार जण फक्त चहाला यायचे. काम सगळं या बाई करायच्या. दगड तयार होता, जागा ठरली होती आणि पाथरवट शुक्रवारी सकाळी छिन्नी घेऊन बसणार होता.

"ओळ खोटी आहे," तो म्हणाला. "माझे वडील पीत नव्हते."

"चौकशीच्या अहवालात आहे. पान अकरा."

"अहवाल लिहिणारे लाँचवर नव्हते."

बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि लगेच थांबलं. "अहवालापेक्षा भक्कम काही असेल तर घेऊन या," त्या म्हणाल्या. "गुरुवारपर्यंत. तुमचा तर धंदाच आहे तो."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणखी एक मिनिट तिथे थांबलो तर तोंडून भलतंसलतं निघेल हे ओळखून तो बाहेर पडला. वाचत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. त्यातल्या एकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल, हे त्याला न ऐकताही माहीत होतं.

धंदा तोच होता, हे मात्र खरं. बाजारपेठेत शिंप्याच्या दुकानावर त्याची खोली होती आणि दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी. मुलगी देण्याआधी मुलाची माहिती काढणारे, पळालेल्या नवऱ्याचा पत्ता हवा असणाऱ्या बायका, कंबर मोडली म्हणून विमा मागणारा माणूस शिडीवर चढतो का ते पाहायला सांगणारी कंपनी, असं सगळं त्याच्याकडे यायचं. वीस वर्षं त्याने दुनियेच्या बापांची पाळंमुळं खणून काढली होती. स्वतःच्या बापाकडे तो कधी वळला नव्हता. वळून शोधायचं काय? बाबा पीत नव्हते. सूर्य उगवतो याची चौकशी कोणी करत नाही.

पण बंदराच्या त्या गावात हे त्याच्याखेरीज कोणाला पटलेलं नव्हतं. शाळेत त्याला सगळे 'बाटली' म्हणायचे. एकदा हजेरी घेताना खुद्द मास्तरांच्या तोंडून 'बाटली' गेलं आणि ते जीभ चावून पुढच्या नावाकडे वळले. बाबा तीन वर्षांनी तुरुंगातून सुटून आले, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर ते दोरांच्या कारखान्यात लागले. रस्त्याने जाताना लोक नाक वर करून हुंगायचे, हसायचे, आणि बाबा मान खाली घालून आपल्या वाटेने जायचे. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा त्याला सगळ्यात जास्त संताप यायचा. सोळाव्या वर्षी तो एकदा त्यांच्या अंगावर ओरडला होता, की निदान एकदा तरी म्हणा, घरात म्हणा, माझ्यासमोर म्हणा, की मी प्यायलो नव्हतो. बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, जेवून घे. दोन वर्षांपूर्वी ते तसेच गप्प राहून गेले.

आता हा दगड शाळेच्या फाटकासमोर बसणार होता. त्याची मुलगी नऊ वर्षांची होती, त्याच शाळेत जात होती आणि तिला चांगलं वाचता येत होतं. तिच्या वर्गातल्या पोरांनाही येत होतं. एक बाटली पुरे झाली, असं त्याने स्वतःला बजावलं.

कामाचा त्याचा एक नियम होता. ज्याची चौकशी असेल त्याच्या घरच्यांना सगळ्यात शेवटी गाठायचं. शेजारी खोटं बोलतो तो मजेखातर आणि त्याची कुठेतरी गाठ सुटते; घरचं माणूस खोटं बोलतं ते जीव लावून, आणि तिथे आपली डाळ शिजत नाही. म्हणून आईला काही न सांगता तो मंगळवारी, त्याच सकाळी, खलाशीकाकांकडे गेला.

खलाशीकाका चार नंबरच्या लाँचवर बाबांच्या हाताखाली चौदा वर्षं होते. आता ते होड्या दुरुस्तीच्या शेडमागे एका खोलीत राहायचे आणि कानाला यंत्र लावायचे. तो कशासाठी आला ते कळल्यावर त्यांनी आधी त्याला फैलावर घेतलं. इतकी वर्षं कुठे झोपला होतास, म्हणाले. बाप जिवंत असताना आला असतास तर त्यालाही बरं वाटलं असतं. त्याने दात-ओठ खात ऐकून घेतलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

त्या दिवशी खलाशीकाकांना ताप होता. तरी ते पाच वाजता धक्क्यावर गेले होते, आज येत नाही हे सांगायला. सारंगाने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला होता आणि घरी जाऊन झोप म्हणून दटावलं होतं. लाँच सव्वापाचला सुटली.

"तोंड एवढं जवळ होतं त्याचं," काकांनी वीत दाखवली. "वास आला असता तर मला आला असता. कोरडा होता तुझा बाप. नेहमीसारखा."

"चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. लिहून घेणारा म्हणाला, तू तापात होतास."

काकांनी सांगितलं की खडकाची ती चूक सारंगाच्या हातून होणं त्यांना आजही पटत नाही. बंदरात शिरताना लाल दिवा डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या हाताला, आणि दोघांच्या मधून वाट. लेकरालाही कळेल असा नियम. त्या आठवड्यात गाळ काढायचं काम चालू होतं म्हणून एक दिवा उचलून नेला होता आणि दुसरा सरकवला होता, पण दिसत तर होता! इतर लाँचवाले नुसतेच जायचे. सारंगाची शिस्त वेगळी होती. पुढे उभं राहून प्रत्येक दिवा मोठ्याने पुकारायचा, 'लाल', 'हिरवा', असं त्याने काकांना पहिल्या दिवसापासून लावून दिलं होतं. बाकीचे टर उडवायचे. इतक्या काळजीच्या माणसाने उलट्या बाजूने लाँच घालावी, हे काकांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

त्याने सगळं लिहून काढलं आणि काकांनी खाली सही केली. कागद खिशात घालताना त्याला वाटलं, अर्धी लढाई झाली.

उरलेली अर्धी बंदराच्या जुन्या डॉक्टरांकडे होती. पंचाऐंशी वर्षांचे ते गृहस्थ भिंग घेऊन शब्दकोडं सोडवत बसले होते आणि कोडं सुटेपर्यंत त्यांनी त्याला उभं ठेवलं. मग म्हणाले की त्या संध्याकाळचं त्यांना सगळं लख्ख आठवतं. सारंगाला पाण्यातून काढून दवाखान्यात आणलं होतं. आधी ते जखमींमध्ये गुंतले होते, आठच्या सुमाराला त्याच्याकडे आले. दारात पाऊल टाकलं तर भपकारा आला. रक्त त्यांनी स्वतः काढून तपासायला पाठवलं.

"चूक झाली असेल," तो म्हणाला.

"माझी?" डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. "अरे, रक्तात होती. बऱ्यापैकी होती. तू लहान होतास, बाप म्हणून तुला तो देव वाटत असेल, पण प्यायलेला होता तो."

त्याचा चेहरा तापला. क्षणभर त्याला डॉक्टरांची गचांडी धरावीशी वाटली आणि दुसऱ्या क्षणी बाबांची, जिथे असतील तिथून ओढून आणून. म्हणजे गाव बरोबर होतं? मास्तर बरोबर होते? चौतीस वर्षं तो एकटाच शहाणा म्हणून मिरवत होता? पण वीस वर्षांची सवय रागापेक्षा चिवट असते. पाच वाजता कोरडा, आठ वाजता तर्र, आणि मधला वेळ लाँचवर, पाण्यात आणि मग दवाखान्यात. पाण्यात दारूचं दुकान नव्हतं.

"बुडालेल्यांना दवाखान्यात काही पाजायचे का? ऊब यावी म्हणून?"

"ब्रँडी असायची माझ्या कपाटात. पण त्याला दिली नव्हती. चौकशीत तो प्रश्न निघाला होता." डॉक्टर पुन्हा कोड्याकडे वळले. "तुझ्या आईनेच शपथेवर सांगितलं. तीच होती ना त्या दिवशी ड्यूटीवर. म्हणाली, आम्ही काही पाजलं नाही, हे घरूनच पिऊन निघतात, रोजचंच आहे. फार धीराची बाई. नवऱ्याविरुद्ध खरं बोलायला छाती लागते."

साक्षी अहवालात छापलेल्या नव्हत्या. पान अकरावर फक्त निष्कर्ष होता. आई दवाखान्यात मदतनीस होती हे त्याला माहीत होतं, तिचा निळ्या काठाचा पांढरा गणवेश त्याला आठवत होता, पण ती चौकशीसमोर उभी राहिली होती हे घरात कधी कोणी बोललं नव्हतं. तो जिना उतरला. मग तो चालत सुटला, इतक्या तरातरा की ओळखीच्या दोघांनी हाक मारलेली त्याला ऐकू आली नाही.

आई उशांना अभ्रे घालत होती. मुलगी शाळेत गेली होती, बायको कामावर. घरात दोघंच होते. त्याने चपलाही काढल्या नाहीत.

"बाबांना दारू कोणी पाजली?"

आईने कुठल्या दिवशी म्हणून विचारलं नाही. अभ्र्याचं टोक नीट ओढलं, उशी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मी."

इतक्या सरळ उत्तराची त्याची तयारी नव्हती. त्याच्या धंद्यात माणसं आधी नाही म्हणतात, मग रडतात, मग दुसऱ्याचं नाव घेतात.

"बस," आई म्हणाली. "चपला काढ आणि बस. फरशी पुसलीय."

तिने सांगितलं ते असं. बाबांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसायचेच नाहीत. जन्मापासून. त्यांना दोन्ही मातकट दिसायचे. सारंगाच्या परवान्याआधी डॉक्टर एक पुस्तक दाखवायचे. त्यात रंगीत ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेले असायचे आणि रंग दिसणाऱ्यालाच ते वाचता यायचे. पण डॉक्टरांची एक खोड होती. ते पुस्तक नेहमी पहिल्या पानापासून सुरू करायचे आणि ओळीने पुढे जायचे. आई तेव्हा नवीनच कामाला लागली होती, लग्नाला सहा महिने झाले होते. तिने ते आकडे क्रमाने उतरवून आणले आणि आठ दिवस बाबांकडून घोकून घेतले. बाबा पास झाले. दर तीन वर्षांनी पास होत राहिले. दिवे त्यांना जागेवरून पाठ होते, आणि जिथे जागेचा भरवसा नसेल तिथे पुढे उभा राहून खलाशी पुकारायचा. चौदा वर्षं लाँचला ओरखडा उमटला नाही.

"आणि त्या दिवशी खलाशीकाका नव्हते," तो म्हणाला.

"नव्हते. आणि दिवा सरकवलेला."

पाण्यातून काढून आणलं तेव्हा बाबा शुद्धीवर होते आणि एकच वाक्य बोलत होते, मी सगळं सांगून टाकतो. आईने दाराला कडी लावली. कपाटातून ब्रँडी काढली आणि बाटली त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी ती ओकून टाकली. तिने परत लावली. नाक दाबून पाजली, लहान मुलाला औषध पाजतात तशी.

"का?" त्याचा आवाज फाटला. "सांगू दिलं असतंस तर काय आकाश कोसळलं असतं?"

"दारू पिऊन चालवली तर माणूस एकदा चुकला. तीन वर्षं. दिसत नसताना खोटा दाखला काढून चौदा वर्षं चालवली, तर तो काय म्हणायचा? आणि दाखला कोणी मिळवून दिला? दोघंही आत गेलो असतो. तू सहा वर्षांचा होतास. तुला कोणाच्या दारात टाकणार होते मी?"

"म्हणून मला बाटली करून ठेवलंस."

आईने दुसरा अभ्रा उचलला आणि घडी मोडली.

"शाळेतून रडत यायचो मी. रोज. तू माझे डोळे पुसायचीस आणि सांगायचीस, लक्ष देऊ नकोस. आणि ते तूच—" त्याने समोरची उशी उचलून भिंतीवर फेकली. "बाबांना गावभर हुंगत होते लोक! तुला लाज कशी नाही वाटली?"

"वाटली ना. रोज वाटली. पण परत तीच वेळ आली तर परत तेच करीन, हे तुला खोटं कशाला सांगू?" तिने उठून उशी आणली, झटकली. "ते गप्प राहिले ते माझ्यासाठी, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. पण तेवढंच नव्हतं. मी त्यांना विचारलं होतं त्या रात्री, तुम्हाला दिवा ओळखता येत नाही हे माहीत होतं, मग कोणाला विचारायचं तरी. म्हणाले, विचारलं होतं. कोणाला? तर तोंड मिटलं ते मिटलंच. तुरुंगात भेटायला जायचे तेव्हाही विचारलं, शेवटच्या आजारातही विचारलं. ज्याने चुकीचं सांगितलं त्याचं नाव त्यांनी मरेपर्यंत घेतलं नाही."

तो दार आपटून निघून गेला. बुधवारचा अख्खा दिवस तो ऑफिसात दार लावून बसला. रागाला जायला जागाच नव्हती. आईवर रागवावं तर ती अडसष्ट वर्षांची होती आणि तिने जे केलं होतं त्याच्या जोरावर तो आज इथे बसला होता. बाबांवर रागवावं, तर रंग दिसत नसताना माणसांनी भरलेली लाँच घेऊन पाण्यात जाणाऱ्या माणसाला दारुड्या म्हटलं म्हणून आपण भांडत होतो, याचीच आता त्याला लाज वाटत होती. बुडालेल्यांच्या घरच्यांना खरं कळायला हवं, असं एक मन म्हणायचं, आणि तेच मन लगेच उशी झटकणारे आईचे हात पुढे करायचं.

संध्याकाळपर्यंत त्याने वाट काढली. काकांचा सही केलेला कागद पुरेसा होता. लाँचवर चढताना सारंग शुद्धीत होता, एवढंच त्यात होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. डोळ्यांचं कोणी विचारलेलं नव्हतं. ओळ 'नशेत होता' अशी होती. ती कापली की काम झालं. बाकी सगळं आईबरोबर राहील. वकील असता तर त्याने स्वतःची पाठ थोपटली असती.

गुरुवारी चार वाजता तो वाचनालयात गेला तेव्हा बाई त्याची वाट पाहत होत्या. टेबलावर आज पुस्तकं नव्हती. मजकुराचा कागद मात्र तिथेच होता, मधोमध.

"पुरावा आणलाय," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला. "आता ती ओळ—"

"दार लावता का?" बाई म्हणाल्या.

त्याने दार लावलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान वाटत होता.

"कागद दाखवण्याआधी मला तोंडी सांगा. ते पूर्ण शुद्धीत होते का?"

"का? कागदावर विश्वास नाही तुमचा?" त्याचा पारा पुन्हा चढला. "परवा म्हणालात पुरावा आणा. आणला तर आता तोंडी परीक्षा? आमच्या घराची चौतीस वर्षं जी शोभा झाली तिचं तुम्हाला—"

"मी लाँचवर होते," बाई म्हणाल्या.

तो समोरच्या खुर्चीत बसला.

"आठ वर्षांची होते. आई खाली बसली होती, धाकटा भाऊ तिच्या मांडीवर. मी चुळबुळ करते म्हणून सारंगांनी मला वर बोलावलं. सुकाणूपाशी उभं केलं." त्या टेबलाच्या कडेकडे पाहून बोलत होत्या, एका लयीत, हे त्यांनी मनात अनेकदा म्हटलेलं असावं. "बंदर जवळ आलं तेव्हा ते वाकले आणि म्हणाले, बाळ, तो समोरचा दिवा कुठला गं? लाल की हिरवा?"

बाईंनी टेबलावरचा चष्मा थोडा बाजूला सरकवला.

"आमच्या घरी तो खेळ होता. मामा विचारायचे, दूध कुठल्या रंगाचं, मी म्हणायची काळं. कावळा कुठल्या रंगाचा, तर पांढरा. सगळे हसायचे. मोठी माणसं असं विचारतात ते त्यांना माहीत नसतं म्हणून थोडंच? मला वाटलं, तेही खेळतायत. दिवा हिरवा होता. मी लाल म्हणाले. आणि हसले. तेही हसले, मला शाबास म्हणाले, आणि त्यांनी सुकाणू फिरवलं."

त्याने काही बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"आई आणि भाऊ त्या सतरा जणांत आहेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. नंतर मोठ्यांच्या बोलण्यातून कळलं की सारंग प्यायलेला होता. पुढे मोठी झाल्यावर अहवाल मिळवून वाचला. पान अकरा." त्यांनी मजकुराच्या कागदावर हात ठेवला. "प्यायलेल्या माणसाने काय विचारलं आणि एका पोरीने काय सांगितलं, त्याला काही अर्थ नसतो. तो कसाही जाऊन आपटलाच असता. हो ना? त्या जोरावर आजवर उभी आहे मी. पण परवा तुम्ही इथे येऊन म्हणालात, ते पीत नव्हते. तेव्हापासून मी झोपलेले नाही." त्यांनी हात पुढे केला. "द्या तो कागद. मला कळू दे एकदाचं."

त्याचा हात खिशात होता. बोटांना घडी लागत होती. आयुष्यभर ज्या शब्दांसाठी तो भांडला, मार खाल्ला, मित्र तोडले, ते शब्द तोंडात तयार होते आणि ते मागणारं माणूस पहिल्यांदाच समोर बसलं होतं. त्याला इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांचा आला. विचारायला दुसरं कोणी मिळालं नाही त्यांना. आणि मग, विचारलं ते विचारलं, पुढे मरेपर्यंत, अंगावर ओरडणाऱ्या पोटच्या पोरासमोरही, जेवून घे.

त्याने हात बाहेर काढला. रिकामा.

"प्यायलेले होते," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "पण तुम्ही परवा—"

"मुलगा आहे मी. मुलगा दुसरं काय म्हणणार? दोन दिवस वणवण केली, सगळ्यांना विचारून झालं. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. प्यायलेले होते."

"तो पुरावा?"

"बढाई मारली. नाहीये."

"कोणी पाहिलं होतं का? पिताना?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "खरोखर, डोळ्यांनी?"

"माझ्या आईने पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी. तिने शपथेवर सांगितलंय." त्याने खुर्ची मागे सरकवली. आवाजातला राग त्याला आवरत नव्हता आणि आता आवरायची गरजही नव्हती. तो कामाला येत होता. "इतकी चढलेली होती की तुम्ही काय सांगितलंत ते त्यांना ऐकूसुद्धा गेलं नसेल."

"ते हसले होते," बाई म्हणाल्या. "मला शाबास म्हणाले."

"प्यायलेला माणूस हसतो. भिंतीलाही शाबास म्हणतो. तुम्ही नसता तरी तिथेच जाऊन आपटले असते."

बाईंनी चष्मा उचलला, पण घातला नाही. हातातच धरून ठेवला.

"मग ही ओळ..."

"राहू द्या," तो म्हणाला. "बरोबर आहे ती."

बाहेर पडताना त्याने दार मागे ओढून घट्ट लावून घेतलं, कारण आत बाई रडायला लागल्या होत्या आणि वाचनालयात माणसं वाचत बसली होती.